१९१६ च्या फोटोतलं तांबडं आलवण निळं कसं झालं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. घरात १९१६ सालचा स्टुडिओत काढलेला एक फोटो आहे, साल माऊंटच्या (फोटो चिकटवलेल्या पुठ्ठ्याच्या) मागे शाईनं लिहिलेलं. मध्ये खुर्चीवर पगडी घातलेले पणजोबा, शेजारी पणजी, कडेला पणजोबांची विधवा बहीण, पुढे जरीच्या टोपीतला मुलगा (म्हणजे विचारणाऱ्याचे आजोबा) आणि परकर-पोलक्यातली त्यांची धाकटी बहीण. मोबाईलवरच्या अ‍ॅपनं रंगवला तर पगडी काळी झाली, पणजींचं लुगडं निळं, विधवा बाईंचंही निळंच, चेहरे नारिंगी आणि मागे हिरवीगार बाग. कुठलं अ‍ॅप चांगलं आणि खरे रंग कळतात तरी कसे, असं विचारलं आहे. सांगलीला ८८ वर्षांच्या आत्या आहेत, पण त्यांचा जन्म फोटोनंतर वीस वर्षांनी झालेला, म्हणून त्यांना विचारून काय उपयोग, असंही पुढे म्हटलं आहे.

अ‍ॅपचं शेवटी बघू. आधी त्या कडेला बसलेल्या बाई.

तुम्ही लिहिलंय की पदर कपाळापर्यंत ओढलेला आहे, केस अजिबात दिसत नाहीत, कपाळ मोकळं, अंगात पोलकं नाही, हातात काही नाही. साल १९१६. हे आलवण आहे, सोवळ्या विधवेचं लुगडं. आलवण तांबडं असायचं, विटकरीकडे किंवा किंचित जांभळटाकडे झुकणारं, जर नसलेलं. मराठी वाचणाऱ्याला हे सांगायची खरं तर गरज नाही, जुन्या कादंबऱ्यांतून लाल आलवणातली सोवळी बाई आपण सगळ्यांनी पाहिलेली असते. पण फोटोत तेच लुगडं काळंभोर दिसतं आणि आपला डोळा फसतो. अ‍ॅप तर फसणारच, त्यानं कादंबऱ्या वाचलेल्या नाहीत.

काळं का दिसतं, ते नीट समजून घ्या, कारण बाकी सगळं काम यावर उभं आहे.

डार्करूममधला लाल दिवा आठवतो? तो लाल का असायचा? कारण कागदाला लाल उजेड दिसतच नाही. फिल्मच्या जागी वापरत त्या जुन्या काचेच्या प्लेटांचंही तेच होतं. सुरुवातीच्या प्लेटांना फक्त निळा, जांभळा आणि अतिनील प्रकाश कळायचा. १८७३ मध्ये हेर्मान फोगेल या जर्मन रसायनशास्त्रज्ञाला असं आढळलं की इमल्शनमध्ये, म्हणजे प्लेटेवरच्या प्रकाश टिपणाऱ्या थरात, विशिष्ट रंगद्रव्य मिसळलं तर त्याला हिरवाही दिसू लागतो. त्यातून पुढे ऑर्थोक्रोमॅटिक प्लेटा आल्या. लाल मात्र त्यांनाही दिसत नव्हता. सगळे रंग टिपणाऱ्या पॅनक्रोमॅटिक प्लेटा १९०६ पासून इंग्लंडात विकत मिळायला लागल्या, पण त्या पूर्ण अंधारात डेव्हलप कराव्या लागत. लाल दिव्यात प्लेट डोळ्यांनी बघत बघत काम करायची सवय असलेला छोटा स्टुडिओवाला त्यांच्या वाटेला गेला नाही. तुमचा १९१६ चा फोटो जवळपास नक्कीच जुन्या जातीच्या प्लेटेवरचा आहे.

आणि हे फक्त काचेच्या प्लेटांपुरतं नाही. आग्फा क्लिक थ्री किंवा कुठलाही डबा कॅमेरा हाताळला असेल तर मागची ती गोल लाल खिडकी आठवा, फिल्मचे आकडे बघायची. तिथून उजेड आत जाऊनही जुनी फिल्म खराब होत नसे, कारण तो उजेड लाल. कोडॅकची व्हेरिक्रोम फिल्म १९३१ मध्ये आली, नावावरून वाटेल की खरे रंग टिपत असेल, पण ती ऑर्थोच होती. व्हेरिक्रोम पॅन यायला १९५६ उजाडलं. म्हणजे तुमच्या आईवडिलांच्या लग्नाच्या अल्बममध्येही काही फोटोंत कुंकू काळं असेल तर नवल नाही.

हे घरी करून बघा. हळदीकुंकवाच्या ताटाचा मोबाईलवर रंगीत फोटो काढा, शेजारी एखादं निळं कापड ठेवा. तो फोटोशॉपमध्ये किंवा फुकटच्या गिम्पमध्ये उघडा आणि लाल, हिरवा, निळा या तीन चॅनलांपैकी फक्त निळा चॅनल बघा. कुंकू काळं. हळदही जवळजवळ काळी. निळं कापड मात्र पांढुरकं. मी नवीन मुलांना शिकवताना पहिल्या दिवशी एवढंच करायला लावतो, आणि दरवेळी हळद बघून ती थबकतात.

आता हेच आकड्यांत. रंगीत फोटोचा करडा करताना संगणक साधारणपणे लालाचे ३० टक्के, हिरव्याचे ५९ आणि निळ्याचे ११ टक्के धरतो. हळदीचा पिवळा समजा लाल २३०, हिरवा १८०, निळा ३० असा आहे. संगणकाच्या करड्यात तो १७८ होतो, म्हणजे चांगला उजळ. निळ्या चॅनलमध्ये ३०, म्हणजे काळा. उलट एक निळं लुगडं घ्या, ६०, ९० आणि १९०. संगणकाचा करडा ९२, निळ्या चॅनलमध्ये १९०. पिवळा अंधारात गेला, निळा उजेडात आला.

रंग भरणाऱ्या बहुतेक कृत्रिम बुद्धिमत्तेचं शिक्षण या पहिल्या प्रकारच्या करड्यावर झालेलं असतं. लाखो आधुनिक रंगीत फोटो घ्यायचे, ते सूत्रानं करडे करायचे आणि मूळ रंग ओळखायला शिकायचं. तिच्या अनुभवात गडद करडं कापड म्हणजे निळी जीन्स, काळा कोट, नेव्ही ब्लू शर्ट. तुमच्या पणजोबांच्या बहिणीला तिनं त्यातलंच एक नेसवलं. ती खोटं बोलत नाहीये, तिला १९१६ ची प्लेट माहीत नाही, एवढंच.

यातली दुसरी गोची जास्त चिवट आहे. ही साधनं, आणि हातानं रंगवणारे बहुतेक हौशी लोकसुद्धा, फोटोचा उजळपणा तसाच ठेवून त्यावर फक्त रंगाची छटा चढवतात. पण उजळपणाच जर चुकीचा असेल? लोकमान्यांची पगडी घ्या. ती तांबडी होती हे सगळ्यांना माहीत आहे, फोटोत ती काळी दिसते हेही सगळ्यांना माहीत आहे. त्या काळ्यावर ‘कलर’ मोडच्या लेयरनं कितीही तांबडा ओता, फार तर सुकलेल्या रक्तासारखा मरून मिळेल. कारण इतक्या कमी उजळपणात तांबडा मावतच नाही. म्हणून मी पगडीचा मास्क करतो, म्हणजे तेवढाच भाग निवडून वेगळा करतो, आधी कर्व्ह्जनं (उजळपणा बदलायच्या साधनानं) तो वर उचलतो, घड्यांमधली सावली सांभाळून, आणि मगच रंग देतो. उचलल्यावर त्या भागातला दाणा आणि ओरखडे भुतासारखे वर येतात, ते साफ करण्यात अर्धा दिवस जातो. पगडीच्या प्रत्येक पिळाला एक उजळ कडा आणि एक गडद खाच असते. कडेला रंग थोडा नारिंगीकडे, खाचेत थोडा जांभळ्याकडे. सपाट एकच तांबडा दिला की ती पगडी नाटकातली वाटते.

तुमच्या पणजोबांची पगडी तांबडीच होती का? पुणेरी घाटाची असेल तर तांबडी धरून चालायला हरकत नाही. शिंदेशाही, होळकरशाही किंवा साधा रुमाल असेल तर शक्यता बदलतात. आकार नीट बघा, किंवा मला पगडीचा जवळून स्कॅन पाठवा.

पणजींचं लुगडं हा खरा अवघड भाग. गडद करड्यामागे पाचसहा उमेदवार उभे असतात. काळी चंद्रकळा, डाळिंबी, कुसुंबी, गडद हिरवं, हळदी पीतांबर, इरकलीचा लालसर अंजिरी. फोटो सांगतो ते एवढंच की हे उजळ निळं किंवा आकाशी नव्हतं, कारण ते असतं तर फिकट आलं असतं. म्हणजे अ‍ॅपनं नेमका तोच रंग निवडला जो बहुधा नव्हता.

इथून पुढे पोलिसी काम. काठ बघा. काठ अंगापेक्षा वेगळा उठून दिसतो की फक्त विणीवरून कळतो? चंद्रकळेचं अंग काळं आणि काठ तांबडा, जुन्या प्लेटेवर दोन्ही काळेच, काठ हरवून जातो. इरकलीचा पदर ओळखू येतो, तांबड्यावर पांढऱ्या कंगोऱ्यांचा, फोटोत काळ्यावर पांढरे दात दिसावेत तसा. अंगाला चमक असेल तर रेशीम, नसेल तर सूत, आणि सुती लुगड्याला तुम्ही पैठणीचा मोरपंखी दिलात तर कुठल्याही आजीबाईला ते खटकेल. पोलक्यावर बारीक ठिपक्यांची ओळ दिसली तर तो खण असू शकतो.

आणि मग घर शोधा. लुगडी फेकून दिली जात नसत. त्यांच्या गोधड्या होत, बाळंत्यासाठी तुकडे होत, देवघरातली आसनं होत. मिरजेकडच्या एका घरात आम्हाला पणजीच्या लग्नातल्या शालूचा रंग गोधडीच्या आतल्या थरात सापडला. वरचा थर उन्हानं विटलेला होता. एका टोकाला शिवण उसवली होती, तिथून आत बोट घातलं तर कुसुंबी रंग जसाच्या तसा. त्या घरातल्या सगळ्यांनी आयुष्यभर ती गोधडी पांघरली होती.

आता माझी एक चूक सांगतो, कारण तुमच्या फोटोशी तिचा थेट संबंध आहे. साधारण पंधरा वर्षांपूर्वी एका कुटुंबाचा फोटो रंगवला. पदराखाली सावलीत चेहरा असलेली तिशीतली बाई, मांडीवर मूल. कपाळ सावलीत होतं, मी धरून चाललो की तिथे कुंकू असणार, आणि लुगड्याला छान हिरवा दिला, हातात हिरवा चुडा. फोटो नेऊन दिला तेव्हा त्या बाईंची मुलगी, म्हणजे मांडीवरचं तेच मूल, ऐंशी ओलांडलेली, बराच वेळ बघत बसली. मग म्हणाली, ‘‘आईला मी हिरव्यात कधी पाहिलंच नाही हो. मी पोटात असतानाच वडील गेले.’’ रागावली नाही. पण मी फोटो परत आणला. मोठ्या स्क्रीनवर मनगटं पाहिली तर बांगडी नव्हतीच, मी जिला बांगडी समजलो होतो तो प्रिंटवरचा ओरखडा होता. तेव्हापासून बाईच्या फोटोत मी पहिल्यांदा कपाळ आणि मनगटं बघतो, रंगाची पेटी नंतर उघडतो.

सार्वजनिक प्रसंगांचे फोटो असतील तर घराऐवजी कागदपत्रं कामाला येतात. १९३० च्या कायदेभंगात मुंबईच्या रस्त्यांवर निघालेल्या देशसेविका केशरी साड्या नेसत. फोटोत त्या साड्या मध्यम ते गडद करड्या आहेत आणि इंटरनेटवर मी त्या निळ्या, तपकिरी, अगदी गुलाबीही रंगवलेल्या पाहिल्यात. त्याच फोटोंत झेंडा असतो. तो आजचा तिरंगा नव्हे. १९२१ पासून चालत आलेल्या झेंड्यात वर पांढरा, मध्ये हिरवा, खाली लाल पट्टा आणि तिन्हींवर पसरलेला चरखा. केशरी, पांढरा, हिरवा हा क्रम आणि पांढऱ्यावर निळा चरखा हे १९३१ मध्ये ठरलं, अशोकचक्र तर १९४७ चं. म्हणजे १९३६ च्या फैजपूर काँग्रेसच्या फोटोतला झेंडा वेगळा, १९३० च्या मुंबईतला वेगळा. एका शाळेच्या स्मरणिकेसाठी रंगवून आलेल्या फोटोत मी १९३० च्या मिरवणुकीवर अशोकचक्र पाहिलं आहे.

घरात कोणी पहिल्या महायुद्धात पलटणीत असेल, सातारा-रत्नागिरीकडे असे फोटो खूप, तर छातीवरच्या पदकांच्या फिती जपून रंगवा. ब्रिटिश वॉर मेडलच्या फितीचा मधला पट्टा नारिंगी आहे, फोटोत तो गडद दिसतो आणि लोक तो निळा करून टाकतात. निळा त्या फितीच्या कडांना असतो, आणि कडा फोटोत उजळ दिसतात. सगळं उलटं. फितींचे रंग छापील मिळतात, अंदाज करायचं कारणच नाही.

घराचा फोटो असेल तर गाव विचारा. कोकणातली भिंत जांभ्या चिऱ्याची, अंगणही तांबडं. देशावरचा वाडा काळ्या बेसाल्टचा. अ‍ॅपला दोन्ही सिमेंटचे वाटतात.

चेहऱ्यांकडे येतो. इथेही प्लेटेची करामत आहे. आपल्या त्वचेत तांबूस-पिवळ्याचा वाटा मोठा, आणि तोच प्लेटेला दिसत नाही. म्हणून जुन्या फोटोत माणसं होती त्यापेक्षा काळवंडलेली दिसतात, ओठ गडद, वांगाचे डाग ठळक. स्टुडिओवाल्यांना हे माहीत होतं. ते चेहऱ्याला पावडर लावत, नंतर निगेटिव्हवर टोकदार पेन्सिलीनं रीटचिंग करत, कधी इतकं की गाल अंड्यासारखे गुळगुळीत. म्हणजे एकदा प्लेटेनं सावळं केलं, मग माणसानं गोरं केलं. खरा वर्ण या दोन्हींच्या मध्ये कुठेतरी. मी त्वचाही थोडी वर उचलतो, पण किती, ते घरच्यांना विचारून. ‘‘जरा गोरे करा’’ ही फर्माईश दर तिसऱ्या गिऱ्हाईकाकडून येते. मी उलट विचारतो, आज घरात त्यांच्यासारखं कोण दिसतं? त्या माणसाला खिडकीजवळ उत्तरेच्या उजेडात बसवून एक फोटो पाठवा. काचेच्या छपरातून येणारा तसाच मऊ उजेड जुन्या स्टुडिओत असायचा.

त्वचेला एक रंग नसतो. कपाळ पिवळसर, नाक-कान-गाल तांबूस, डोळ्यांखाली जांभळट तपकिरी. दाढी घोटलेल्या पुरुषाच्या जबड्यावर करडा-हिरवट थर असतो. शेंडी-घेरा राखणाऱ्या माणसाच्या कपाळावर तुळतुळीत केलेल्या भागातही तोच हिरवटपणा. हे दिलं नाही तर चेहरा मेणाचा होतो. तुमच्या अ‍ॅपचे नारिंगी चेहरे यातूनच आले, त्यानं सगळ्यांना एकच सरासरी त्वचा दिली. आणखी एक बारकावा, हनुवटीखाली कपड्याचा रंग परावर्तित होतो. तांबडं आलवण असलेल्या बाईंच्या हनुवटीखाली किंचित तांबूस झाक द्या. कोणाच्या लक्षात येणार नाही, पण बाई कापलेल्या आणि चिकटवलेल्या वाटणार नाहीत.

पांढरंही एकच नसतं. नीळ घातलेलं धोतर, कोरं मांजरपाट, धुवट खादी, तिन्ही वेगळी. सोन्याला तर पिवळा देऊच नका असं म्हणेन मी. चमकेवर जवळजवळ पांढरा, मध्ये गेरूकडे जाणारा पिवळा, सावलीत तांबूस तपकिरी. टोपीच्या जरीलाही हेच.

मागची बाग. ती बाग नाही, पडदा आहे. असे पडदे बहुतेकदा करड्या किंवा तपकिरी छटांतच रंगवलेले असत, कारण फोटोत रंग दिसणारच नव्हता. तिथे फक्त हलकी मातकट छटा द्या. पडद्याला हिरवा दिला की तुमचे पणजोबा लोणावळ्याला सहलीला गेल्यासारखे दिसतात.

मी स्वतः या कामात कागदावर आलो. ऐंशीच्या दशकात ज्यांच्याकडे शिकलो ते ब्रोमाईड प्रिंट आधी सेपिया करत, सल्फाईडचा सडक्या अंड्यांसारखा वास अख्ख्या गल्लीत जाई, आणि मग काडीला कापूस गुंडाळून पारदर्शक फोटो ऑईल घासत. सेपिया का, तर सावलीत उबदारपणा राहतो, रंग मेल्यासारखा वाटत नाही. आजही मी पहिला लेयर हलक्या सेपियाचा टाकतो. ते गिऱ्हाईकाला आधी विचारून माऊंटच्या मागे पेन्सिलीनं टिपून ठेवत: ‘शेला मोतिया, काठ हिरवा.’ ही पद्धत त्यांच्याही आधीची. म्हणून तुमच्या माऊंटची मागची बाजू तिरप्या उजेडात बघा. शाईतलं साल दिसलं, पण पेन्सिल पुसट होते. मोतिया, अंजिरी, तपकिरी असा एक शब्द जरी सापडला तरी माझे चार दिवस वाचतील.

त्या काळचे खरे रंगीत फोटोही आहेत, हे पुष्कळांना माहीत नसतं. ल्युमिए बंधूंची ऑटोक्रोम प्लेट १९०७ मध्ये बाजारात आली. आल्बेर कान या फ्रेंच बँकरनं जगभर छायाचित्रकार पाठवले, त्यातला एक १९१३-१४ च्या सुमारास मुंबईतही येऊन गेला. तो संग्रह पॅरिसजवळच्या त्याच्या नावाच्या संग्रहालयात आहे आणि बराचसा ऑनलाईन बघता येतो. तुमच्या फोटोला फक्त दोनतीन वर्षांचं अंतर. कपड्यांच्या रंगांची भडकता किती ठेवायची, यासाठी मी ते शेजारी उघडून ठेवतो.

स्कॅनचं थोडक्यात. फोटो काचेला चिकटला असेल तर सोलू नका, काचेसकट कॅमेऱ्यानं काढा. ओल्या फडक्यानं पुसू नका. कृष्णधवल असला तरी स्कॅन रंगीत करा, १६ बिट, टिफ, १२०० डीपीआय. रंगीत का, तर पावसाळ्यातले तपकिरी डाग लाल चॅनलमध्ये फिके पडतात. निम्मी सफाई फुकटात होते. मूळ स्कॅनला हात न लावता वेगळा जपून ठेवा.

आता अ‍ॅप. मीही वापरतो. कपड्यांच्या कडा निवडून मास्क करून द्यायला ही साधनं उत्तम आहेत, ओरखडे काढायलाही. त्वचेचा पहिला हात कधीकधी बरा देतात. कपड्यांचा, पागोट्यांचा, झेंड्यांचा रंग मी त्यांच्याकडून घेत नाही. आणि चेहरा ‘सुधारून’ देणारं बटण कधीच दाबत नाही. ते बटण अस्पष्ट डोळ्यांच्या जागी दुसऱ्याच कोणाचे तरी स्पष्ट डोळे बसवतं. २०२१ मध्ये कंबोडियातल्या तुओल स्लेंग तुरुंगातल्या कैद्यांचे रंगवलेले फोटो प्रसिद्ध झाले, त्यात काही चेहऱ्यांवर मूळ फोटोत नसलेलं हसू निघालं. ती माणसं मारली गेली होती. कंबोडियाच्या सांस्कृतिक मंत्रालयानं निषेध केला, फोटो काढून टाकावे लागले. आपला कौटुंबिक फोटो तितका जड नसतो, हे खरं. पण तुमच्या पणजोबांच्या बहिणीचे डोळे किंचित हलल्यामुळे अस्पष्ट आले असतील तर ते तसेच राहू द्या. काही सेकंद न हलता बसायचं होतं तिला.

रंगवून झाल्यावर मी चित्राच्या खालच्या पट्टीतच ‘नंतर रंगवलेले’ असं लिहितो, वेगळ्या फाईलीत नाही, कारण व्हॉट्सअ‍ॅपवर फक्त चित्र फिरतं. सोबत एक कागद देतो, त्यात तीन रकाने. कळलेले रंग, तर्कानं लावलेले, आणि निव्वळ भरलेले. तुमच्या फोटोत आज पहिल्या रकान्यात आलवण, कुंकू, मंगळसूत्राचे काळे मणी, आणि घाट पुणेरी निघाला तर पगडी. दुसऱ्यात पडदा, धोतर, जरीची टोपी. तिसऱ्यात पणजींचं लुगडं आणि मुलीचा परकर.

म्हणून सांगलीच्या आत्यांना विचारून उपयोग नाही हे मला पटत नाही. फोटो त्यांच्या जन्माआधीचा, पण पणजी त्यांची आजी. आजी रोज काय नेसायची, सणाला काय काढायची, ट्रंकेत तळाशी काय होतं, ती म्हातारपणी कोणाला काय देऊन गेली, हे ८८ वर्षांच्या बाईला पक्कं आठवतं, सकाळी काय जेवलो ते आठवत नसलं तरी. फक्त रंगवलेला फोटो आधी दाखवू नका. निळं लुगडं एकदा बघितलं की त्याही निळंच सांगतील, माझ्याबाबतीत असं झालं आहे. मूळ फोटो मोठा प्रिंट करून न्या, बरोबर सात-आठ कापडांचे तुकडे न्या, चंद्रकळेचा काळा, डाळिंबी, हिरवा, अंजिरी, कुसुंबी, आणि त्यांच्यासमोर पसरून ठेवा. बोट त्या आपसूक ठेवतील. सोवळ्या आत्येआजींची गोष्ट त्यांनी स्वतःहून काढली तर ऐका, नाही काढली तर आलवणाचा तुकडा पिशवीतच राहू द्या, तो रंग आपल्याला माहीत आहे.

परकराचा रंग सांगायला कोणी उरलं नसेल तर मी तो आत्ताच्या करड्यावर हलका सेपिया देऊन तसाच सोडेन. लोक विचारतात, हा राहून गेला का. कागदावर तिसऱ्या रकान्यात लिहिलेलं असतं.